विश्लेषण : ‘सेवा कशी वाटली?’ सरकारी गर्भपात सेवेत हा साधा प्रश्न एवढा अवघड का?

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना मोबाइल नंबर घेतला जातो. या रुग्णालयांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ‘मेरा अस्पताल’ नावाची अभिप्राय प्रणाली आहे. तिला जोडलेल्या रुग्णालयातून रुग्ण घरी गेला की त्याच नंबरवर मेसेज किंवा रेकॉर्ड केलेला कॉल येतो आणि सेवेबद्दल समाधानी आहात का, असे विचारले जाते. पायाला प्लास्टर घालून आलेल्या माणसाला त्यात काही अडचण नाही. पण गर्भपाताच्या गोळ्या घेऊन घरी गेलेल्या स्त्रीने दिलेला नंबर नवऱ्याचा असेल तर? किंवा घरात स्मार्टफोन एकच असेल आणि तो दिवसभर मुलाच्या हातात असेल तर? चांगल्या हेतूने विचारलेला प्रश्नच तिचे गुपित फोडू शकतो.

म्हणजे इथे एक पेच आहे. सरकारी गर्भपात सेवा सुधारायची तर ती घेणाऱ्या स्त्रियांना काय वाटले हे कळायला हवे. मात्र या सेवेचा पहिला नियमच असा, की ती कोणी घेतली हे कोणाला कळता कामा नये. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या एकाला एक लागून असलेल्या शहरांत हा पेच कसा दिसतो आणि समाधानाच्या टक्केवारीवर कितपत विसंबावे, हे समजून घेऊ.

गोळ्यांद्वारे गर्भपात म्हणजे नेमके काय?

यात दोन औषधे असतात. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम ते थांबवते. दुसरे मिसोप्रोस्टॉल. त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ रक्तस्रावाबरोबर बाहेर पडतो. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि दोन्ही औषधांचे एकत्र पाकीट २००८ मध्ये आले. नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी ही पद्धत वापरली जाते आणि शंभरातल्या ९५ किंवा त्याहून अधिक स्त्रियांमध्ये गर्भपात पूर्ण होतो. उरलेल्यांना गर्भाशय रिकामे करण्याची छोटी प्रक्रिया करावी लागते. वस्तीत याला अजूनही ‘पिशवी धुणे’ किंवा ‘क्युरेटिन’ म्हणतात. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीचे क्युरेटिंग करू नये, त्याऐवजी निर्वात पंपाने गर्भाशय रिकामे करावे, अशी शिफारस आता आहे.

सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण तीन टप्पे असतात. पहिल्या दिवशी तपासणी, समुपदेशन आणि पहिली गोळी. तिसऱ्या दिवशी दुसरे औषध. ते रुग्णालयात द्यायचे की घरी, हे डॉक्टर स्त्रीची स्थिती, गर्भाचे आठवडे आणि तिच्या घरापासूनचे अंतर पाहून ठरवतात. पंधराव्या दिवशी गर्भपात पूर्ण झाला की नाही याची तपासणी.

पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव आणि पोटात कळा येणे अपेक्षितच असते. मात्र सलग दोन तास दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, चोवीस तासांहून अधिक ताप राहिला, चक्कर येऊन पडायला झाले किंवा एका बाजूला तीव्र दुखू लागले तर लगेच रुग्णालय गाठायला हवे. गर्भ गर्भाशयाबाहेर, म्हणजे नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि जिवाला धोका होऊ शकतो. आधी तपासणीचा आग्रह असतो तो यासाठी.

अंबरनाथमधील स्त्री कुठे जाऊ शकते?

कागदावर पर्याय कमी नाहीत. अंबरनाथ पश्चिमेत डॉ. बी. जी. छाया रुग्णालय आहे. पूर्वी नगरपालिकेचे असलेले हे रुग्णालय नंतर राज्य सरकारकडे गेले. लोकलने पुढचेच स्टेशन उल्हासनगर. तिथे कॅम्प तीनमध्ये राज्य सरकारचे मध्यवर्ती रुग्णालय आणि कॅम्प चारमध्ये शासकीय प्रसूतिगृह आहे. उलट दिशेला बदलापुरात ग्रामीण रुग्णालय. थोडे पुढे गेले तर कल्याणला पालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि कळव्याला ठाणे पालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. त्यानंतर बदलापूर आणि अंबरनाथमध्ये किती इमारती उभ्या राहिल्या, हे सकाळच्या लोकलमध्ये चढू पाहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अंबरनाथचेही महाविद्यालय आहे.

कायद्याच्या दृष्टीने सरकारने स्थापन केलेले किंवा चालवलेले कोणतेही रुग्णालय हे गर्भपातासाठी आपोआप मान्य ठिकाण असते. खासगी रुग्णालयाला जिल्हास्तरीय समितीची मान्यता लागते, सरकारीला नाही. डॉक्टर मात्र नियमांत सांगितलेला अनुभव किंवा प्रशिक्षण असलेलाच हवा. गोळ्यांद्वारे नऊ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करण्यासाठी २०२१ च्या सुधारित नियमांनी ही अट बरीच सोपी केली. स्त्रीरोग व प्रसूती विभागात किमान तीन महिन्यांचा अनुभव, किंवा देखरेखीखाली असे दहा गर्भपात स्वतः केलेले असणे पुरते. म्हणजे प्रत्येक ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञच हवा असे नाही.

तरीही रुग्णालय मान्य असणे वेगळे आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला ओपीडीत प्रशिक्षित डॉक्टर व औषधाचे पाकीट दोन्ही हजर असणे वेगळे. आनंदनगर एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ‘परवा या’ हे उत्तर मिळते तेव्हा तिच्या हिशेबात ती सेवा नाकारलेलीच असते. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र तिला काहीच नाकारलेले नसते.

खर्चाचे काय?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. पालिकांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय आपोआप लागू होत नाही. पण ‘मोफत’ म्हणजे खिशातून काहीच जात नाही असा अर्थ काढणे चूक. तीन फेऱ्या म्हणजे तीन खाडे, बाहेर करायला सांगितलेली सोनोग्राफी असेल तर तिचे पैसे आणि लहान मूल कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न.

कायदा स्त्रीला काय देतो?

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा आहे तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे मंत्री होते. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण देताना पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते, तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, असा निकाल दिला.

त्या निकालातील दुसरा मुद्दा कमी गाजला, पण रुग्णालयाच्या दारात तोच जास्त कामाचा आहे. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, हे न्यायालयाने स्पष्ट केले. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीसाठी फक्त तिचीच संमती लागते. पतीची सही लागत नाही. आईची नाही, सासूची तर नाहीच. वय अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. अशा प्रकरणात ‘पॉक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असले, तरी मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असेही याच निकालात म्हटले आहे.

आणि गोपनीयता. २०२१ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम ५अ नुसार गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव व तपशील, कायद्याने अधिकार दिलेली व्यक्ती सोडून, कोणालाही उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. केंद्राचे २००३ चे विनियम तर याहून बारकाईने बोलतात. संमतिपत्र व डॉक्टरांचे मत ‘गुप्त’ असे लिहिलेल्या बंद लिफाफ्यात ठेवायचे. स्त्रीचे नाव फक्त प्रवेश नोंदवहीत लिहायचे. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुढच्या तपासणीचे कार्ड या सगळ्यांवर नाव न लिहिता त्या नोंदवहीतला अनुक्रमांक टाकायचा. विनियम करण्याचा अधिकार राज्यांनाही आहे, पण यामागचा विचार देशभर एकच आहे.

आता हा बंद लिफाफा आणि नोंदणी खिडकीवरचा मोबाइल नंबर शेजारी ठेवून पाहा. एक यंत्रणा नाव लपवण्यासाठी बांधलेली, दुसरी रुग्णाला शोधून काढण्यासाठी. दोन्ही एकाच इमारतीत चालतात.

समाधानाचे आकडे नेहमी चांगलेच का येतात?

गोळ्यांद्वारे गर्भपाताच्या अभ्यासांत समाधानाचे प्रमाण सहसा उंच येते. महाराष्ट्र या विषयात जुना आहे. डॉ. कुरुस कोयाजी आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण व शहरी महाराष्ट्रात केलेली चाचणी २००२ मध्ये ‘कॉन्ट्रासेप्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अद्ययावत शहरी संशोधन रुग्णालयाबाहेरही या गोळ्या सुरक्षितपणे देता येतात का, हा त्यांच्या कामाचा मुख्य प्रश्न होता आणि उत्तर ‘होय’ असे आले. त्याआधी १९९७ मध्ये चीन, क्युबा आणि भारत या तीन देशांतील अभ्यासात गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपेक्षा जास्त रक्तस्राव आणि त्रास झाल्याचे नोंदवले गेले. तरी त्या समाधानी होत्या. का? एक कारण अभ्यासाच्या रचनेतच आहे. त्यात पद्धत कोणती हवी हे स्त्रियांनी स्वतः निवडले होते.

हा धागा महत्त्वाचा आहे. त्रास किती झाला यापेक्षा तो होणार हे आधी सांगितले होते का आणि निर्णय आपला होता का, यावर समाधान बरेच अवलंबून असते. एवढे रक्त जाणार हे कोणी नीट सांगितले नसेल तर सगळे सुरळीत होऊनही बाई रात्रभर घाबरून बसते. उलट नीट समजावून, वेदनाशामक गोळी हातात देऊन पाठवलेली बाई तेवढाच रक्तस्राव शांतपणे काढते. औषध तेच, डोस तोच.

दुसरे कारण कमी आनंदाचे आहे. सरकारी रुग्णालयाकडून फारशी अपेक्षाच नसेल तर ‘ओरडले नाहीत’ एवढ्यावरही माणूस समाधानी होतो. गर्भपातात हे आणखी तीव्र होते, कारण ‘आपलं काम झालं’ ही सुटकेची भावना बाकी सगळ्यावर पडदा टाकते. त्यात प्रश्न विचारणारी त्याच वॉर्डातली सिस्टर असेल तर ‘वाईट वागणूक मिळाली’ असे तिच्या तोंडावर कोण म्हणेल? पुढच्या खेपेला बाळंतपणासाठी तिथेच यायचे असते.

तिसरे कारण निव्वळ गणिती आहे. समाधानाची टक्केवारी काढताना छेदस्थानी फक्त सेवा मिळालेल्या स्त्रिया असतात. दारातून परत पाठवलेल्या, सही आणायला सांगितल्यावर पुन्हा न आलेल्या, मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतलेल्या, यांतली एकही त्या गणितात नसते. रुग्णालयाने निम्म्या स्त्रियांना परत पाठवले तरी उरलेल्या निम्म्यांच्या आधारे ९५ टक्के समाधान दाखवता येते. म्हणून असा आकडा समोर आला की तो किती आहे याआधी तो कोणाला विचारून काढला, हे पाहायला हवे.

मग बाकीच्या स्त्रिया जातात कुठे?

इथे दोन मोठे अभ्यास दोन वेगळी चित्रे दाखवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २७ टक्के गर्भपात स्त्रीने स्वतः घरीच केले होते आणि सरकारी ठिकाणी झालेल्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासाने मात्र २०१५ मध्ये देशात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज मांडला. त्यांतील ७३ टक्के आरोग्य केंद्राबाहेर, गोळ्यांनी झालेले. आरोग्य केंद्रांत झालेले जेमतेम २२ टक्के. अभ्यासातील सहा राज्यांत (त्यांत महाराष्ट्र नव्हता) केंद्रांत झालेल्या गर्भपातांपैकी सरकारी वाटा चतुर्थांश किंवा त्याहून कमी होता.

२७ आणि ७३ मध्ये एवढी तफावत कशी? वर्षांचा फरक आहेच, पण मुख्य फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या सर्वेक्षणात दारात आलेल्या अनोळखी व्यक्तीने स्त्रीला विचारले. दुसऱ्यात गोळ्यांच्या विक्रीचे व वाटपाचे आकडे आणि आरोग्य केंद्रांच्या नोंदी यांवरून हिशेब मांडला. स्त्रिया सांगत नाहीत, पण गोळ्या विकल्या गेलेल्या असतात. गर्भपात झाला की नाही, एवढेही जी स्त्री सर्वेक्षकाला सांगत नाही, ती ‘सेवा कशी होती’ याचे खरे उत्तर मोबाइलचे बटण दाबून देईल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

महाराष्ट्रात मेडिकलवाला गोळ्या का ठेवत नाही?

या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकता येतात. पण महाराष्ट्रात अनेक औषध दुकानदार चिठ्ठी असली तरी त्या ठेवायला कचरतात. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीत गर्भपातादरम्यान एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण राज्यभर गाजले. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली, तपासण्या झाल्या, हिशेबाची कागदपत्रे मागितली गेली. २०१७ मध्ये सांगलीतील म्हैसाळच्या प्रकरणाने ती भीती पुन्हा ताजी केली. इतका व्याप सांभाळण्यापेक्षा माल न ठेवलेला बरा, असा व्यवहारी विचार दुकानदारांनी केला.

स्त्रीभ्रूणहत्या हा गंभीर गुन्हा आहेच. पण हिशेब जुळत नाही. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग कळू शकते ते साधारण बारा-तेरा आठवड्यांनंतर. या गोळ्यांच्या पाकिटाचा वापर नऊ आठवड्यांपर्यंतचा. जिथे लिंग कळूच शकत नाही त्या टप्प्यावरचे औषध आटले आणि कायदेशीर मार्गाने येणाऱ्या स्त्रीची वाट अरुंद झाली. गोळ्या बंद झाल्या नाहीत, त्या ओळखीतून, जास्त पैशांत आणि माहितीच्या कागदाशिवाय मिळू लागल्या.

अशी गोळी घेऊन रक्तस्राव थांबत नाही म्हणून मध्यरात्री सरकारी रुग्णालयात येणारी स्त्री हीसुद्धा गर्भपात सेवेचीच रुग्ण असते. ती काय घेतले ते सांगायला घाबरते, आणि त्याला कारणही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये, जुन्या दंड विधानाच्या कलम ३१२ प्रमाणेच, स्वतःचा गर्भपात घडवून आणणारी स्त्रीही येते. डॉक्टरला मात्र गोळ्यांची माहिती मिळाली तर उपचार लवकर आणि नेमके करता येतात. ती माहिती मिळणे न मिळणे बऱ्याचदा पहिल्या पाच मिनिटांत तिच्याशी कोण कसे बोलले यावर ठरते.

स्त्रियांना नेमके काय खटकते?

१९९० च्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बंदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांना गर्भपात सेवेकडून काय हवे, हे त्यांच्याच तोंडून समजून घेतले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील गोष्टी आजही ओळखीच्या वाटतात. गुप्तता राहावी, नवऱ्याची सही मागू नये, काम लवकर व्हावे. डॉक्टरची पदवी, यंत्रसामग्री यांना आरोग्य खाते जेवढे महत्त्व देते तेवढेच स्त्रिया या गोष्टींना देत होत्या.

शहरात याला आणखी एक पदर आहे. जवळचे रुग्णालय सोयीचे, पण तिथे ओळखीचे भेटण्याची भीती. चाळीतली शेजारीण त्याच रांगेत बीपीची गोळी घ्यायला उभी असते, वॉर्डातली मावशी आपल्याच गल्लीत राहते. अंबरनाथची स्त्री कल्याणला आणि कल्याणची उल्हासनगरला गेली, तर त्यामागे जवळच्या रुग्णालयाची नाराजी असेलच असे नाही. ती अनोळखी गर्दी शोधत असते. म्हणून कोणत्या रुग्णालयात किती स्त्रिया आल्या यावरून त्या परिसराची गरज मोजली तर ती चुकेल.

सर्वांत जुनी तक्रार अटीची. ‘तांबी बसवणार असशील तर करते’, ‘ऑपरेशन करून घे, मग बघू’. गर्भनिरोधकाची माहिती देणे डॉक्टरचे कामच आहे, पण गर्भनिरोधक स्वीकारणे ही गर्भपाताची पूर्वअट असू शकत नाही, असे सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. तांबी बसवलेली स्त्री रुग्णालयाच्या दोन उद्दिष्टांत मोजली जाते. समाधानाच्या प्रश्नावलीत ‘तांबी तुम्हाला हवी होती का’ हा प्रश्न नसतो.

फेऱ्यांचा त्रास कमी करता येतो, याचा पुरावा दुसऱ्या एका राज्यात आहे. राजस्थानात डॉ. कीर्ती अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी ७३१ स्त्रियांसह केलेला अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. काही स्त्रियांना तपासणीसाठी पुन्हा दवाखान्यात बोलावले. बाकीच्यांना साधी लघवीची चाचणी आणि चित्रे असलेली सूचनापत्रिका देऊन घरीच तपासायला सांगितले, नंतर विचारपूस केली. गर्भपात पूर्ण होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही, नीट माहिती आणि गरज पडल्यास मदत मिळणार असेल तर, सुरुवातीच्या आठवड्यांत स्त्रीने प्रक्रियेचा बराचसा भाग घरी करण्याला अनुकूल आहेत. बदलापूरहून दोन गाड्या सोडून तिसरीत चढणाऱ्या स्त्रीची एक फेरी वाचणे ही छोटी गोष्ट नाही.

मग मोजायचे कसे?

‘समाधानी आहात का’ हा प्रश्न टाकून दिला तरी फारसे बिघडणार नाही. त्याऐवजी घडले की नाही घडले अशा गोष्टी विचारता येतात. नवऱ्याची सही मागितली का? किती रक्त जाईल हे सांगितले का? दुखण्यावर गोळी दिली का? इतर रुग्णांसमोर मोठ्याने कारण विचारले का? किती वेळा यावे लागले? बाहेर किती पैसे गेले? अशा उत्तरांत भीडेला जागा कमी राहते, आणि चुकले असेल तर नेमके कोणाचे काय चुकले हेही कळते. केनियात गर्भपात सेवेसाठी तयार झालेली मोजपट्टी याच धर्तीची आहे. तिच्यात आदराची वागणूक आणि आधार हा एक भाग आणि संवाद व स्वतःचा निर्णय हा दुसरा.

फोनबाबत उपाय साधा आहे. गर्भपाताच्या नोंदी अभिप्रायाच्या सरसकट मेसेजमधून वगळायच्या. स्त्रीला निघण्याआधी एकांतात विचारायचे की फोन केला तर चालेल का, कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचे. ‘नको’ म्हणाली तर विषय संपला. यासाठी नवे अॅप लागत नाही. संगणकावरच्या नोंदणीत एक रकाना लागतो आणि तो भरताना शेजारी कोणी उभे नसावे लागते. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. परत पाठवलेल्यांची नोंद. रुग्णालयाला दरमहा द्यावा लागणारा अहवाल किती गर्भपात झाले ते सांगतो. किती जणी आल्या आणि का परतल्या, हे तो विचारत नाही. नाव न लिहिता फक्त तारीख, आठवडे आणि कारण, म्हणजे डॉक्टर रजेवर, औषध संपले, सही आणायला पाठवले, एवढी वही ठेवली तरी वरिष्ठांना महिन्याभरात बरेच कळेल. ती वही प्रामाणिकपणे भरली जावी यासाठी आधी ती भरणाऱ्या सिस्टरला मेमो मिळणार नाही याची खात्री द्यावी लागेल.

अंबरनाथमध्ये आता वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अशा महाविद्यालयात जनऔषधशास्त्र विभाग असतो. रुग्णालयाच्या रोजच्या कामात नसलेल्या, रुग्णाला न ओळखणाऱ्या मुलाखतकार त्याला मिळू शकतात. त्यांना मराठी आणि हिंदी यावी लागेल, उल्हासनगरच्या कॅम्पांसाठी सिंधीही. आणि पहिली मुलाखत ओपीडीच्या बाकावर घेऊन चालणार नाही, त्यासाठी दार लागणारी एक खोली शोधावी लागेल.